एक घर, एक ताट

शालन घोरपडे जिन्यातल्या बाकावर येऊन टेकली आणि खालच्या रस्त्यावर जराशी शांतता असली, की त्रिशलाताईंना तिच्या छातीतली टकटक ऐकू यायची. बारीक, कोरडी, मनगटी घड्याळासारखी. त्यांची स्वतःचीही तशीच होती, पण आपली टकटक माणूस विसरून जातो. दोघींच्याही हृदयात धातूची झडप बसवलेली होती. शालनची अकरा वर्षांपूर्वीची, त्रिशलाताईंची सहा.

"तुमचं घड्याळ पुढं चाललंय, वहिनी," शालन म्हणायची. "जिना चढून आलासा न्हवं?"

"आणि तुझं मागे पडतंय. सकाळपासून शिवणयंत्रावर बसली असशील, उठली नसशील."

सांगलीतल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं होती, समोरासमोर. एकीकडे त्रिशला मगदूम आणि त्यांचा मुलगा सन्मती. त्रिशलाताईंनी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून एकतीस वर्षं काढली होती. सन्मती कुपवाडच्या कारखान्यात पाळीवर जायचा. दुसरीकडे शालन एकटी. ती ब्लाउज शिवायची, आणि तिचं काम इतकं नेटकं होतं की मिरजेच्या बायकाही तिच्याकडे कापड घेऊन यायच्या. इमारतीच्या गच्चीवर तिनं तुटक्या बादल्यांतून आणि रंगाच्या डब्यांतून भाजी लावली होती. शेपू, चवळई, अंबाडी, अळू. दर गुरुवारी ती दोन जुड्या बांधायची. एक स्वतःला, एक वहिनींना. त्रिशलाताई त्या बदल्यात विरजण द्यायच्या, पुस्तकं द्यायच्या, तिची सरकारी कागदपत्रं भरून द्यायच्या.

धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. नाहीतर झडपेवर रक्ताची गुठळी धरते. पण ती गोळी मोठी अवघड. थोडी कमी पडली तर गुठळी, थोडी जास्त झाली तर रक्तस्राव, आणि या दोहोंमधली वाट पायवाटेइतकी अरुंद. त्यात ही गोळी ताटाकडे बघून वागते. पालेभाजीत एक जीवनसत्त्व असतं, ते रक्ताला गोठायला मदत करतं, म्हणजे गोळीच्या नेमकं उलट. भाजी जास्त खाल्ली की गोळी कमी पडते. भाजी सोडली की तीच गोळी जास्त होते. पूर्वी यासाठी दर महिन्याला रक्त तपासून डॉक्टर गोळ्या बदलायचे, आणि लोक पाकिटातल्या गोळीचे सुरीनं तुकडे करत बसायचे.

मग प्रिंटर आले. शिलाईयंत्राएवढी पांढरी पेटी. आत औषध कालवलेल्या दोऱ्याचं रीळ. दोरा तापून सुईएवढ्या तोंडातून बाहेर यायचा, थरावर थर बसायचा आणि चार मिनिटांत गोळी तयार व्हायची. आज तीन पूर्णांक दोन मिलिग्रॅम, उद्या तीन पूर्णांक चार, जशी गरज तशी. उरलेली जागा निव्वळ स्टार्चनं भरली जायची, त्यामुळे गोळी रोज सारखीच दिसायची, फक्त वर नावाचं अक्षर उठवलेलं असायचं. रविवारी बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घ्यायचा आणि पट्टी पेटीच्या फटीत सरकवायची. बाकीचं यंत्र बघायचं. दोन वर्षांत दुकानांतून या औषधाची पाकिटं दिसेनाशी झाली. ज्यांच्या घरी प्रिंटर नाही त्यांनी दर आठवड्याला सरकारी केंद्रावर जाऊन छापून घ्यायच्या.

शालनच्या घरी प्रिंटर नव्हता. राहती जागा दिराच्या नावावर, त्यामुळे तिचा अर्ज नेहमी कुठल्या तरी कागदासाठी परत यायचा. दर सोमवारी ती बसनं मिरजेला जायची, अर्धा दिवस रांगेत उभी राहायची आणि सात गोळ्या डबीत घालून आणायची.

ज्येष्ठात एकदा ती रांगेतच चक्कर येऊन बसली. त्या संध्याकाळी सन्मती आईला म्हणाला की शालनकाकूंना आपल्याच प्रिंटरवर घेता येईल. प्रिंटर त्रिशलाताईंच्या जुन्या टेबलावरच्या संगणकाला तारेनं जोडलेला होता. घरातल्या वायफायवर जो कोणी असेल, त्याचा संगणक या संगणकामार्फत त्याला काम सांगू शकत होता. सन्मतीचा लॅपटॉप तसाच जोडलेला होता. शालनच्या टॅबला आपल्या वायफायचा पासवर्ड दिला की झालं. समोरचं दार आठ फुटांवर.

त्यानं जोडणी केली आणि अंघोळीला गेला. शेवटचं पान त्रिशलाताईंनी स्वतः भरलं. नाव. वय. झडप कधी बसवली. मग पडद्यावर एक प्रश्न आला.

'ही व्यक्ती याच घरात राहते व याच स्वयंपाकघरात जेवते का?'

एकतीस वर्षांत त्रिशलाताईंनी विद्यार्थ्यांच्या एकाही खोट्या आकड्यावर सही केली नव्हती. उत्तर आधी ठरवून मोजमाप त्याच्याकडे वळवणारं पोर त्या दुरून ओळखायच्या. त्या दिवशी मात्र पडद्यासमोर त्या क्षणभरच थांबल्या. नाही म्हटलं तर पान पुढे जात नव्हतं. आणि दोघी एकाच गच्चीवरची भाजी खातो, एकाच विरजणाचं दही खातो, मग खोटं ते कितीसं. त्यांनी 'होय' वर बोट ठेवलं.

महिन्याभरात इमारतीतल्या इतर बायका विचारायला लागल्या. कुणाची नणंद समोर राहत होती, कुणाची आई खालच्या मजल्यावर. प्रत्येकीला तोंडी सांगून कंटाळल्यावर त्रिशलाताईंनी एका कागदावर सगळं नीट लिहून काढलं. वर मथळा, 'एक प्रिंटर, अनेक संगणक'. खाली सात पायऱ्या, बाजूला पेटीची आकृती, बाण काढून भागांची नावं. पहिली पायरी, मुख्य संगणक चालू ठेवावा. दुसरी, प्रिंटर सर्वांसाठी खुला करावा. तिसरी, सर्व संगणक एकाच वायफायवर असल्याची खात्री करावी. असं करत सहावी. 'एकाच स्वयंपाकघरात जेवता का, असा प्रश्न येईल. येथे होय निवडावे.'

"आई, हे प्रॅक्टिकलचं जर्नल झालं," सन्मती हसला. "खाली निष्कर्ष लिहायचा राहिला बघ."

पहिल्या मजल्यावरच्या बाईनं त्या कागदाचा फोटो काढून नेला. तिला कुणालातरी पाठवायचा होता.

*

आषाढात चातुर्मास लागला. त्रिशलाताईंनी दरवर्षीप्रमाणे पालेभाज्या सोडल्या. पावसाळ्यात पानांवर बारीक जीव असतात, ते आपल्या पोटात जाऊ नयेत म्हणून त्यांच्या घरात हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं होतं. गुरुवारी शालन जुडी घेऊन दारात आली तेव्हा त्यांनी हात जोडले. कार्तिकापर्यंत नको.

"मग एवढ्या भाजीचं मी काय करू?" शालन म्हणाली. "पाऊस पडलाय, नुसती माजलीय."

"तू खा."

"खातेच. तुमच्या वाटची बी मीच."

पुढे श्रावण आला आणि शालननं मटण-मासे बंद केले. सकाळी शेपू आणि भाकरी, संध्याकाळी अळूचं फदफदं. ती आनंदात होती. मिरजेची फेरी सुटली होती. त्या वेळात ती रोज एक ब्लाउज जास्त शिवत होती. रोज सकाळी सूर्योदयाला प्रिंटर घुमायला लागायचा. आधी 'त्रि' अक्षराची गोळी, मग 'शा' अक्षराची. त्रिशलाताई दुसरी गोळी वाटीत घालून समोरच्या दारात नेऊन द्यायच्या. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलेलं असायचं, 'घर सुरक्षित'.

पहिले काही रविवार त्या आकडेही बघायच्या. रक्त किती पातळ आहे याचं जे माप असतं, आयएनआर, ते दोघींचं अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवं होतं. त्यांचं तीन पूर्णांक एक. शालनचं तीन. पुढच्या आठवड्यात दोन्ही तीन. इतकं चांगलं चाललंय म्हटल्यावर त्यांनी बघणं सोडलं. चातुर्मासात वाचन असतं, बस्तीत जाणं असतं. त्या भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात.

श्रावणाच्या शेवटी त्यांच्या दंडावर एक निळा डाग उठला. कशाचा तरी धक्का बसला असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मग पोटरीवर आणखी एक.

शालनला जिना चढताना धाप लागायला लागली होती. पण ती म्हणाली, वजन वाढलंय वहिनी, बसून बसून.

*

भाद्रपदातल्या पंचमीला त्रिशलाताईंचं पर्युषण पर्व सुरू झालं, दहा दिवस, दिवसातून एकदाच जेवण. त्याच सुमारास शालन गौरी-गणपतीसाठी तासगावकडच्या आपल्या गावी गेली. जाताना दहा गोळ्या एकदम छापून नेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना त्रिशलाताईंच्या हिरडीतून रक्त आलं आणि थांबेना. त्यांनी मीठपाण्यानं चुळा भरल्या. मग बोळा धरून बसल्या. वीस मिनिटांनी बोळा पूर्ण लाल झाला होता आणि पांढऱ्या लुगड्यावर दोन थेंब पडले होते. त्यांनी घड्याळात वेळ बघितली, तो जुन्या सवयीचा भाग होता. एवढ्याशा जखमेला वीस मिनिटं फार होतात.

रक्त जास्त पातळ झालं होतं. त्याचं कारणही त्यांना लगेच उमगलं. दोन महिने भाजीचं एक पानही पोटात नाही. पण यंत्र होतं ते याचसाठी. भाजी सुटली की थेंबात कळतं, आणि मग गोळी कमी होते. ती का झाली नाही?

पडद्यावर हिरवी अक्षरं होती. त्यांनी आकडा उघडला. तीन पूर्णांक एक.

हे शक्य नव्हतं. त्यांनी बारकाईनं बघितलं तेव्हा आकड्याखाली फिकट अक्षरांत एक शब्द दिसला. 'दुरुस्त.' म्हणजे हे मोजलेलं नव्हतं, मोजल्यावर सुधारलेलं होतं. प्रयोगशाळेत त्या मुलांना एक गोष्ट कायम सांगत आल्या होत्या. आधी कच्चा आकडा दाखव, मग तुझं गणित. आणि इथे इतके आठवडे त्यांनी स्वतः कच्चा आकडा मागितला नव्हता.

सगळ्यांची कामं त्यांच्याच संगणकातून जात असल्यामुळे प्रिंटरची नोंदवही त्यांच्या संगणकावर साठत होती. ती शोधायला त्यांना पाऊण तास लागला. तोंडात बोळा धरून त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून काढल्या. चातुर्मास लागल्यापासूनचा एकाआड एक रविवार.

त्यांची ओळ: तीन. तीन पूर्णांक तीन. तीन पूर्णांक सात. चार पूर्णांक एक. चार पूर्णांक सहा.

शालनची: तीन. दोन पूर्णांक आठ. दोन पूर्णांक तीन. एक पूर्णांक नऊ. एक पूर्णांक पाच.

त्या कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिल्या. मग त्या प्रत्येक रविवारची सरासरी काढली. तीन. तीन पूर्णांक शून्य पाच. तीन. तीन. तीन पूर्णांक शून्य पाच.

आता त्यांना यंत्राचं डोकं कळलं, आणि चीड आणणारी गोष्ट ही की त्यात चूक काढता येत नव्हती. रक्ताचा एक थेंब बेभरवशाचा असतो. बोट ओलं असतं, पट्टी दमट होते, पावसाळ्यात तर नक्कीच. म्हणून यंत्र एका थेंबावर पूर्ण विसंबत नाही. घरातल्या बाकीच्यांचे थेंब बघतं. दोघांचे आकडे एकदम वर गेले तर त्या घरात भाजी बंद झालीय, दोघांची गोळी कमी कर. एकदम खाली आले तर भाजी वाढलीय, दोघांची वाढव. पण एकाचा वर आणि एकाचा खाली? एका घरात ताट एकच असतं. एकाच स्वयंपाकघरात एकाच वेळी भाजी बंदही आणि दुप्पटही, असं होत नाही. तेव्हा ही पट्टीचीच गडबड. दोघांचा खरा आकडा मधला धरावा.

आणि जसजसा दोघींमधला फरक वाढला, तसतसं यंत्र पट्ट्यांवर कमी विश्वास ठेवत गेलं. सगळा विश्वास सरासरीवर. सरासरी उत्तम होती. त्यांनी सोडलेली भाजी शालनच्या ताटात गेली होती, जुडीला जुडी, आणि गणित बरोबर जुळलं होतं.

ताट एकच आहे, हे यंत्राला त्यांनी सांगितलं होतं.

त्यांनी फोन उचलला.

*

गौरीपूजनाचा दिवस. फोनवर आधी भांड्यांचा आवाज, बायकांचं हसणं, मग शालन. तिनं आल्या आल्या सांगायला सुरुवात केली. गौरीला काल शेपूची भाजी-भाकरी, आज सोळा भाज्या, सगळ्या गच्चीवरून नेल्यात म्हणे. मधेच ती थांबली, श्वास घेऊन पुन्हा बोलू लागली, पुन्हा थांबली.

"शालन, दम लागतोय तुला?"

"जरा. कालपास्नं. आडवं झाल्यावर जास्त लागतोय. कामाचा धबडगा हाय न्हवं."

"मागच्या खोलीत जा. दार लाव. कुणाला आत येऊ देऊ नकोस."

"काय झालं वो?"

"जा आधी."

पावलं ऐकू आली, दार लागल्याचा आवाज आला, बायकांचं हसणं लांब गेलं. त्रिशलाताईंनी तिला फोन छातीच्या डाव्या बाजूला, पदराखाली, अंगाला चिकटवून धरायला सांगितला, आणि मी सांगेपर्यंत बोलू नको म्हणाल्या.

त्यांनी फोन कानाशी घट्ट दाबला. डोळे मिटले. आधी कापडाची खसखस. मग श्वास, वरवरचा, घाईचा. त्याच्याखाली एक दबका ठोका होता, ओल्या मातीवर मूठ मारावी तसा. त्या वाट बघत राहिल्या. त्यांनी मनात साठपर्यंत आकडे मोजले. जिन्यातल्या बाकावर जी टकटक तीन फुटांवरून ऐकू यायची, ती छातीला चिकटवलेल्या फोनमधून येत नव्हती.

धातूच्या झडपेचे दोन पडदे एकमेकांवर आपटतात तेव्हा टक वाजतं. त्यांच्यामध्ये काही मऊ अडकलं, तर वाजत नाही.

"वहिनी?" शालन म्हणाली. "माझं घड्याळ बंद पडलं का वो?"

ती चेष्टा करत होती. त्यांनी तिला आहेस तिथेच भिंतीला टेकून बस म्हणून सांगितलं, आणि जावेला बोलावून घे, आणि फोन बंद करू नको.

*

रुग्णवाहिकेच्या केंद्रावरचा माणूस सभ्य होता. त्यानं शालनचं नाव टाकलं आणि म्हणाला की मॅडम, पेशंटच्या नावापुढे हिरवी खूण आहे, गेल्या रविवारचा आकडा तीन पूर्णांक एक आहे. धाप लागण्याची नोंद घेतो, पण हिरव्या खुणेवाल्यांना गाडी दुपारनंतर मिळेल. आज सणाचा दिवस, गाड्या कमी आहेत.

"तो आकडा खरा नाही," त्रिशलाताई म्हणाल्या.

"यंत्राचा आकडा आहे, मॅडम."

"यंत्र चुकलेलं नाही. त्याला चुकीचं सांगितलं गेलं आहे. ती बाई माझ्या घरात राहत नाही, माझ्या स्वयंपाकघरात जेवत नाही. मी होय म्हणून लिहिलं. ते खोटं आहे."

पलीकडे कळफलकावर बोटं वाजली. मग तो म्हणाला की तोंडी सांगून त्याला खूण बदलता येत नाही. ज्या संगणकावरून ती माहिती भरली, तिथूनच ती दुरुस्त करावी लागेल. आणि एक सांगणं त्याचं काम आहे. दुरुस्ती केली की खोटी माहिती दिल्याची नोंद होईल आणि तो प्रिंटर बंद होईल. दोघींसाठीही. चौकशी होईपर्यंत.

सन्मती पाळीवरून नुकताच आला होता. आईच्या लुगड्यावरचं रक्त बघून तो दारातच थबकला होता. आता त्यानं पुढे होऊन फोनवर हात ठेवला. आई, तुझी गोळी बंद होईल. थांब, आपण गाडी घेऊन जाऊ, मी आणतो काकूंना.

"जायला तास, यायला तास," त्या म्हणाल्या. "हात काढ."

पान उघडलं. प्रश्न तोच होता, शब्दाला शब्द. त्यांनी 'नाही' वर बोट ठेवलं. यंत्रानं विचारलं, बदल कोणत्या तारखेपासून लागू करायचा. त्यांनी ज्येष्ठातली ती तारीख घातली.

पडदा काही क्षण पांढरा राहिला. मग 'घर सुरक्षित' गेलं आणि त्याजागी दोन घरं आली. दोन्ही लाल. पेटीतलं रीळ मागे फिरल्याचा आवाज आला आणि प्रिंटर बंद झाला.

केंद्रावरचा माणूस म्हणाला, "दिसलं. गाडी निघतेय."

*

गाडी पोचायला अडतीस मिनिटं लागली. शालनला थेट मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. गुठळी विरघळवण्याचं औषध शिरेतून दिलं. झडप संध्याकाळपर्यंत पुन्हा हलायला लागली, पण त्याआधी गुठळीचा एक कण सुटून मेंदूकडे गेला होता. तिसऱ्या दिवशी ती नीट बोलत होती. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मात्र जवळ येत नव्हतं.

त्रिशलाताईंना त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर ठेवलं होतं. त्यांचं दुखणं सोपं होतं. दोन दिवस गोळी बंद, आणि तरुण डॉक्टरीण म्हणाली, थोडी पालेभाजी खा, आजी, तेच औषध. त्यांनी मान हलवली. दुपारी ताटात मेथी आली. ती बाजूला न सारता त्यांनी हळूहळू संपवली. मग लिफ्टनं वर गेल्या.

शालननं त्यांना बघताच डावा हात पुढे केला. सगळे सांगत होते तिला, शेजारणीच्या फोनमुळे वाचलीस.

"तुमच्यामुळं वाचले, वहिनी."

त्रिशलाताई खुर्चीवर बसल्या. जिन्यात बसायच्या तशा, तीन फुटांवर. टकटक ऐकू येत होती. मग त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. तो प्रश्न, ते 'होय', दोन ओळी, सरासरी. सांगून झाल्यावर शालन आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. अंगठा बोटाकडे नेण्याचा तिनं एकदा प्रयत्न केला, सुईत दोरा ओवताना करतात तसा.

"भाजी कुणी खायची आन् कुणी न्हाई, एवढंच सांगायचं होतं की," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्रिशलाताईंना ऐकवेना. "मी तर तुमची सुद्धा खाल्ली."

नंतर ती भिंतीकडे वळून झोपली. की झोपल्यासारखी पडली.

बाहेर व्हरांड्यात लांब बाक होता. त्याच्या टोकाला पन्नाशीची एक बाई मांडीवर डबा घेऊन बसली होती. ती सोलापूरकडून आली होती. नवरा आत होता, झडपेचाच पेशंट, नाकातून रक्त थांबत नव्हतं. तिला बोलायला कुणीतरी हवं होतं. ती म्हणाली, काही कळत नाही हो, घरी प्रिंटर आहे, गोळ्या वेळच्या वेळी, रोज हिरवं येतंय. आणि यंत्र किती चांगलं, आमच्या शेजारच्या भाऊजींना पण त्यावरच जोडून घेतलंय, त्यांनाही झडप बसवलीय, बिचारे एकटे असतात.

"कसं जोडलंत?" त्रिशलाताईंनी विचारलं.

"काही अवघड नाही. हे बघा, महिला मंडळात आलं होतं. कुण्या बाईनं इतकं छान लिहून ठेवलंय."

तिनं फोन पुढे केला. फोटो बऱ्याच हातांतून गेला होता, कडा कापल्या गेल्या होत्या, शाई करडी झाली होती. तरी आकृतीतले बाण सरळ होते, भागांची नावं एका रेषेत होती, आणि सहाव्या पायरीतल्या 'होय' खाली त्यांनी स्वतः पट्टी धरून ओढलेली रेघ स्पष्ट दिसत होती. फोटोच्या वर आलेल्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अनेक वेळा पुढे पाठवलेलं.

त्या रेघेवरून त्यांची नजर हलेना. बाई वाट बघत होती, काहीतरी चांगलं ऐकायच्या अपेक्षेनं.

"यजमान पालेभाजी खातात?" त्रिशलाताईंनी विचारलं.

"नाही हो, चातुर्मास पाळतात ते."

"आणि शेजारचे?"

"ते तर भाजीवरच असतात. मीच देते ना करून." बाई गोंधळून हसली. "का हो?"

"त्यांचा नंबर आहे तुमच्याकडे?"

"आहे की."

"आत्ता लावा," त्रिशलाताई म्हणाल्या, आणि सरकून तिच्याजवळ बसल्या. "त्यांना फोन छातीवर धरायला सांगा. आणि मग मला द्या."